ताफा पांगला की रेडिओ काय करणार?

मानवरहित वाहनांच्या ताफ्याचा संपर्क तुटू लागला की जास्त शक्तीचा रेडिओ बसवण्याची सूचना हमखास पुढे येते. मला ती फारशी पटत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणजे प्रक्षेपणाची शक्ती चौपट केली तरी पल्ला फार तर दुप्पट होणार, आणि जमिनीलगत चालणाऱ्या वाहनांच्या नशिबी तेवढाही नाही. 2.4 गिगाहर्ट्‌झवर एक किलोमीटर अंतरावरच्या दोन अँटेनांच्या मधोमध, थेट रेषेभोवती सुमारे साडेपाच मीटर त्रिज्येची जागा बरीचशी मोकळी असावी लागते. गुडघ्याएवढ्या उंचीवर अँटेना असलेल्या गाडीला ती मिळणार कुठून?

त्यापेक्षा एक ड्रोन वर नेऊन त्याच्याकडे मध्यस्थाचे, म्हणजे एकाचे संदेश दुसऱ्याकडे पोहोचवण्याचे, काम सोपवावे. ते नेमके गाडीच्या डोक्यावर मात्र नसावे, कारण उभ्या दांडीच्या अँटेनातून टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच प्रक्षेपण होत नाही, आणि मग अंतर कमी असूनही लिंक अडखळते.

अर्थात मध्यस्थ फुकट मिळत नाही. एकाच वाहिनीवरचा रेडिओ एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नसल्यामुळे पहिल्याच मध्यस्थापाशी माहितीचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय एकमेकांना ऐकू न येणारी दोन टोकांची वाहने एकदम बोलू लागली, तर मधल्याला धड कोणाचेच कळत नाही. जीपीएसच्या वेळेनुसार प्रत्येकाला बोलण्याची पाळी ठरवून दिली की हा गोंधळ बराच आवरतो.

माझ्या मते खरे काम मार्ग आखतानाच करायचे असते. झेक गणितज्ञ मिरोस्लाव फिडलर यांनी 1973 मध्ये आलेखाची, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्याची, जोडणी किती भक्कम आहे हे सांगणारी एक संख्या मांडली होती. इथे वाहने म्हणजे बिंदू आणि त्यांच्यातल्या लिंक म्हणजे रेषा. ती शून्य झाली की आलेखाचे, म्हणजे इथे ताफ्याचे, तुकडे पडलेले असतात. कोणते वाहन कुठे जाईल हे ठरवताना ही संख्या शून्याकडे झुकू न देण्याची अट घातली, तर वाहने पांगण्याआधीच सावरता येतात.

तरीही लिंक तुटेलच, असे धरून चालावे. मॅव्हलिंक या मानवरहित वाहनांच्या संदेशवहनाच्या प्रणालीत प्रत्येक वाहन साधारण दर सेकंदाला आपण चालू असल्याचा संदेश पाठवते. तो किती वेळ आला नाही म्हणजे थांबायचे आणि केव्हा परत फिरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले हवे. मध्यस्थ ड्रोनसाठी तर वेगळाच नियम लागतो: बॅटरी उतरण्यापूर्वी बदली ड्रोन जागेवर पोहोचले पाहिजे, आणि त्याच्यामार्फत सर्व वाहनांचे संदेश येऊ लागल्याखेरीज जुन्याने जागा सोडू नये.