बिग सरच्या रस्त्यावर, थांबत थांबत

आज कार्मेलपासून फायफर बिग सर उद्यानापर्यंतचे जेमतेम ४२ किलोमीटर अंतर कापले. सामान लादलेल्या सायकलनेही हे अंतर अर्ध्या दिवसात सहज पार होते. मी मात्र त्यासाठी पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा अख्खा दिवस राखून ठेवला होता, कारण कॅलिफोर्नियाच्या महामार्ग क्रमांक १ वर एकट्याने येण्यामागे मनात येईल तेथे थांबता यावे हाच हेतू होता. सोबत कोणी असले की त्याचा वेग, त्याची तहानभूक आणि त्याचा कंटाळाही सांभाळावा लागतो. आज त्यातले काहीच नव्हते.

या किनाऱ्यावर सायकलस्वार बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात. येथला वारा प्रामुख्याने वायव्येकडून वाहतो आणि दुपारी जमीन तापली की त्याचा जोर वाढतो, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी राहतो. शिवाय येथे वाहने उजव्या बाजूने चालत असल्यामुळे समुद्र आपल्याच हाताला येतो, आणि थांबण्यासाठी दरीच्या कडेला ठेवलेल्या मोकळ्या जागांवर वळताना समोरून येणारी वाहने ओलांडावी लागत नाहीत. माझ्यासारख्या जागोजागी थांबणाऱ्याला वाऱ्यापेक्षाही ही दुसरी सोय मोलाची वाटली.

सकाळी दाट धुके होते. खोलातून वर येणाऱ्या थंड पाण्यावरून दमट हवा वाहू लागली की ती गारठते आणि किनाऱ्यावर धुके धरते. मागचा दिवा लावून आणि भडक रंगाचे जाकीट घालून मी सावकाश निघालो. उजवीकडे लाटांचा आवाज तेवढा येत होता, पाणी दिसत नव्हते. रॉकी क्रीकचा पूल ओलांडेपर्यंत धुके विरळ झाले, आणि थोड्याच वेळात बिक्सबीच्या पुलाची कमान पूर्ण उघडी झाली.

हे दोन्ही पूल १९३२ सालचे आहेत. बिक्सबीचा पूल सुमारे २१८ मीटर लांब असून खालच्या ओढ्यापासून जवळपास ८० मीटर उंचीवर आहे. तो होण्यापूर्वी दक्षिणेकडे जाणाऱ्याला डोंगरातल्या कच्च्या वाटेने लांबचा वळसा घालावा लागे आणि पावसाळी हिवाळ्यात तीही वाट बंद पडे. कैद्यांच्याही श्रमांतून घडलेला हा महामार्ग १९३७ साली वाहतुकीला खुला झाला. पुलाजवळ मोटारी येत होत्या, माणसे उतरून छायाचित्रे काढत होती आणि निघून जात होती. मी सायकल दगडाला टेकवली आणि दुर्बीण काढली. १९३८ साली, हा रस्ता सुरू झाल्यानंतर लगेचच, याच ओढ्याच्या मुखाजवळच्या समुद्रात पाणमांजरांचा एक लहानसा कळप लोकांच्या नजरेस पडला; कातड्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे कॅलिफोर्नियातून ही समुद्री पाणमांजरे संपलीच, असा तोवर अनेकांचा समज होता. केल्प या समुद्री शेवाळाच्या पट्ट्यात मला आधी नुसतेच काळे ठिपके दिसत होते. बऱ्याच वेळाने त्यांतला एक ठिपका कुशीवर वळला, आणि पाठीवर पडून पोटावर काहीतरी आपटणारे ते जनावर मी डोळे भरून पाहिले. त्या आनंदात मी तेथे किती वेळ बसलो याचे भानच राहिले नाही.

त्यानंतर हरिकेन पॉइंटचा चढ सुरू झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे १७० मीटरपर्यंत नेणारा हा चढ सर्वांत हलक्या गिअरवर, एका लयीत चढावा लागतो. रस्त्याला कडेची पट्टी जवळजवळ नाहीच. सायकलस्वाराला ओलांडताना किमान तीन फूट अंतर राखावे असा कायदा या राज्यात २०१४ पासून लागू आहे आणि आज बहुतेकांनी तो पाळला. तरीही मागे मोटारींची रांग लागली की मी मोकळी जागा पाहून बाजूला होत असे, कारण अरुंद रस्त्यावर समंजसपणा दोन्ही बाजूंनी लागतो. माथ्यावर वारा आडवा आला तेव्हा भरलेल्या पिशव्यांसकट सायकल ढकलली जाऊ लागली, म्हणून उतारावर वेग येऊच दिला नाही.

अशाच एका थांब्यावर डोक्यावरून कॉन्डोर हा गिधाडासारखा मोठा पक्षी गेला. पंखांचा विस्तार जवळपास तीन मीटर, आणि पंखावर ओळखीचा क्रमांक. १९८७ पर्यंत रानात उरलेले सगळे कॉन्डोर पैदाशीसाठी पकडून आणले गेले, तेव्हा जगात मिळून २७ पक्षी शिल्लक होते. बिग सरमध्ये त्यांना पुन्हा सोडण्यास १९९७ मध्ये सुरुवात झाली. एवढ्या माणसांच्या चिकाटीने वाचलेला पक्षी इतक्या सहज माथ्यावरून जावा, याने मन भरून आले.

पॉइंट सरच्या खडकावरचे १८८९ सालचे दीपगृह दुरूनच पाहिले. पुढे रस्ता समुद्र सोडून रेडवूडच्या उंच वृक्षांच्या सावलीत शिरतो, आणि उद्यानात पायी व सायकलने येणाऱ्यांसाठी राखलेल्या जागेत तंबू ठोकला.

उद्या वाहने कमी असतात तोवर, उजाडताच निघायचे आहे. साधारण १८ किलोमीटरांवर मॅकवेचा धबधबा आहे. १९८३ च्या दरडीआधी तो थेट समुद्रात पडत असे. त्या दरडीच्या मातीदगडांतून पुळण तयार झाली आणि आता पाणी वाळूवर पडते. त्याच्याही बरेच दक्षिणेला मड क्रीक आहे, जेथे मे २०१७ मध्ये अख्खा डोंगरउतार रस्त्यावर आला आणि वर्षभराहून अधिक काळानंतर, जुलै २०१८ मध्ये, त्या ढिगाऱ्यावरूनच नवा रस्ता काढण्यात आला. या दोन्ही ठिकाणी मला बराच वेळ हवा आहे. बाकीचे अंतर जमेल तसे होईल.