पाखल्यांची धुणी

परवा १९ डिसेंबरची, गोवा मुक्तिदिनाची सुट्टी होती. सकाळी मागच्या नळावर मुलाचा युनिफॉर्म घासत बसलो होतो, तोपण बाजूला बसून स्वतःचे मोजे चोळत होता, तेवढ्यात शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, काय रे, आज मुक्तिदिन आणि तू धुणी धुतोस, वहिनी माहेरी गेली काय? प्रेमानेच म्हणाले, माणूस चांगला आहे. पण माझ्या सात वर्षांच्या मुलाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हातातला मोजा हळूच खाली ठेवला. तो मोजा ठेवला ना, ते मला दिवसभर टोचत राहिलं, म्हणून लिहितोय.

माझे आजोबा १९६१ साली फोंड्याला एका भुसारी दुकानात कामाला होते. त्या डिसेंबरात भारतीय सैन्याने गोवा पोर्तुगिजांकडून सोडवला, ती लढाई संपल्यावर तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक पकडले गेले आणि त्यांना वेगवेगळ्या छावण्यांत ठेवलं, त्यातली एक फोंड्यातच होती. आजोबा येताजाता कुंपणापाशी थांबून बघायचे. त्यांना काय आठवायचं माहितीये? पाखले, म्हणजे आमच्याकडे पोर्तुगीज गोरे, धुणी धुतात. गोरेगोमटे, काल-परवापर्यंत बंदुका घेऊन हिंडणारे पोरगे ओळीने बसून स्वतःच्या चड्ड्या बनियन धुतायत, एकजण सुईदोरा घेऊन बटण लावतोय. ही गोष्ट आजोबा हसून सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, म्हणून हरले रे, बायले मेले. आम्हीपण हसायचो. लहान होतो.

आता वाटतं, त्यांना हसण्यासारखं काय होतं. १४ डिसेंबरला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने लिस्बनहून गोव्यातल्या गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हाला कळवलं होतं की शरणागती नको, सैनिक एकतर जिंकलेले दिसले पाहिजेत नाहीतर मेलेले. हा हुकूम देणारा माणूस हजारो मैलांवर सुरक्षित बसलेला! वासालोकडे ना विमानं होती ना पुरेसा दारूगोळा, आणि १९ तारखेच्या रात्री त्याने शरणागतीवर सही केली. पोर्तुगीज राजवट चारशे एकावन्न वर्षं इथे बसली होती, तिच्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही, तिच्या तुरुंगात आमच्या माणसांनी काय भोगलं ते घरोघरी ठाऊक आहे. पण त्या एका सहीमुळे त्यांची आणि आपली किती पोरं आपापल्या घरी गेली याचा विचार करा. ती पोरं १९६२ च्या मे महिन्यात परत गेली तर तिकडे त्यांचं स्वागत भेकड म्हणून झालं, वासालोला सैन्यातून काढून टाकलं, आणि १९७४ ला तिकडची हुकूमशाही कोसळली तेव्हा कुठे त्याचा हुद्दा परत मिळाला. म्हणजे मेला असता तर मर्द, जगला आणि जगवलं तर बायला. हा हिशोब लिस्बनमध्येपण तोच आणि फोंड्याच्या कुंपणापाशी उभ्या माझ्या आजोबांचापण तोच.

आणि आजी? आजी तेव्हा डिचोलीला, पोटुशी. १८ तारखेच्या पहाटे पोर्तुगीजांनी माघार घेताना डिचोलीचा पूल उडवला, अस्नोड्याचाही उडवला. घरात आजी आणि तिची आंधळी सासू, दोघीच. त्या आवाजाने आजीने सासूला पाठीवर घेतलं आणि काजूच्या बागेत जाऊन बसली दिवस उजाडेपर्यंत. हे मला ती जायच्या दोन वर्षं आधी कळलं, तेही मी विचारलं म्हणून. आमच्या घरात १९६१ ची गोष्ट म्हणजे आजोबांची गोष्ट, आजीच्या गोष्टीला गोष्ट म्हणतात हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं.

तसं तर सुधाताई जोशींची आठवणही आम्ही वर्षातून एकदाच काढतो. ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात भर पोलिसांसमोर, गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून त्या उभ्या राहिल्या, पकडल्या गेल्या, चार वर्षं तुरुंगात काढली. नवरा कोण, तर आमच्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे पंडित महादेवशास्त्री जोशी, संस्कृती कोशवाले. बायको तुरुंगात, नवरा बाहेर. त्या काळात त्यांना लोक काय काय बोलले असतील याची मी कल्पना करू शकतो, कारण मी नुसता युनिफॉर्म धुतो तर ऐकून घेतो.

पुरुषांना लढाईची हौस फार, लढाई संपून साठ वर्षं झाली तरी. शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, आमच्याकडे घोडेमोडणीचा नाच असतो, कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, ढोल घुमायला लागले की अंगावर काटा येतो, मी स्वतः नाचलोय आणि मला तो मनापासून आवडतो. पण मी पहिल्यांदा नाचलो त्या रात्रीचं मला तलवारीचं काहीच आठवत नाही. आठवतं ते एवढंच की घरी येऊन मी ओसरीवरच झोपलो आणि बाबांनी माझ्या पायातली घुंगरं सोडली, पायाला फोड आले होते तिथे खोबरेल लावलं. मी जागा होतो, डोळे मिटून पडून राहिलो, कारण डोळे उघडले असते तर ते थांबले असते. बाबांचा जन्म पाखले गेले त्याच १९६२ च्या मे मधला. आजोबांनी त्यांना कधी मांडीवर घेतलं नाही, वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं पोर उचलायचं नाही अशी रीत होती, आणि बाबांनी मला घेतलं ते असं, मी झोपलोय समजून.

संध्याकाळी मुलाला पाखल्यांची गोष्ट सांगितली, आजोबांचं शेवटचं वाक्य गाळून. तो म्हणाला, बटण लावायला त्यांना कोणी शिकवलं? मी म्हटलं, सैन्यातच शिकवत असतील, तिथे कोणाची आई नसते ना. मग म्हणाला, मलापण शिकव.

सुई दोनदा टोचली, रडला, मी रडू दिलं, मग परत घेतली. बटण वाकडं बसलंय. सोमवारी तोच शर्ट घालून शाळेत गेला.