कावलूरची ३८ सेंटिमीटरची दुर्बीण

काही वर्षांपूर्वी हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका गटात मी दुर्बिणीसाठी सहा इंच व्यासाचा आरसा घासला. पिंपावर काचेची एक चकती पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकून दुसरी चकती मागे-पुढे फिरवायची आणि दर काही फेऱ्यांनंतर पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे, एवढेच ते काम; पण त्याच हालचालीतून वरची काच मध्यभागी खोल होत जाते आणि खालची फुगीर. पूड टप्प्याटप्प्याने बारीक होते, शेवटी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडने झिलई येते आणि मग अंधाऱ्या खोलीत, परावर्तित किरण जिथे एकत्र येतात तिथे दाढीच्या पात्याची धार सरकवून आरशावर पडलेली सावली न्याहाळायची असते. त्या फूको चाचणीच्या वेळी मी काचेवर मिनिटभर अंगठा टेकवला होता. अंगठ्याच्या उबेने काच तेवढ्याच जागी फुगली आणि सावलीत तिथे चक्क टेकाड उठलेले दिसले. ते निवेपर्यंत पुढचे काम थांबवावे लागले.

त्या अनुभवानंतर भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या इतिहासातले एक वाक्य मला वेगळ्या नजरेने वाचता आले. तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत १९६८ साली निरीक्षणे सुरू झाली ती ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने, आणि ती दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेतच घडवलेली होती. बहुतेक लेखांमध्ये या दुर्बिणीच्या वाट्याला एवढी एकच ओळ येते आणि लेखक लगेच मोठ्या दुर्बिणींकडे वळतात. मला मात्र सगळ्या इतिहासाची कळ याच ओळीत आहे असे वाटते.

खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू १९६० मध्ये कोडाईकनालला संचालक म्हणून आले, तेव्हा त्यांच्या नावावर १९४९ साली शोधलेला एक धूमकेतू आणि ऑलिन विल्सन यांच्यासह मांडलेला विल्सन-बाप्पू परिणाम, म्हणजे वर्णपटातल्या एका रेषेच्या रुंदीवरून ताऱ्याचे खरे तेज ओळखण्याचा नियम, जमा होता. त्यांचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत काम करत असल्यामुळे दुर्बिणीची यंत्रणा त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिलेली होती. कोडाईकनालची वेधशाळा १८९९ पासून सूर्याच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध होती, परंतु ताऱ्यांचे काम करायचे तर अधिक निरभ्र रात्री देणारी जागा हवी होती. बराच शोध घेऊन त्यांनी जवादी टेकड्यांमधील कावलूर निवडले. समुद्रसपाटीपासून सुमारे ७२५ मीटर उंचीचे, शहरांच्या दिव्यांपासून दूर असलेले हे ठिकाण साधारण साडेबारा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे दक्षिण आकाशाचा फार मोठा भाग तिथून पाहता येतो.

याच अक्षांशाचा परिणाम दुर्बिणीच्या घडणीवरही होतो. ताऱ्याचा मागोवा घ्यायचा तर विषुववृत्तीय बैठकीचा, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या आधाराचा, मुख्य अक्ष खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे सगळे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसते त्याकडे, रोखलेला असावा लागतो, आणि कावलूरला तो ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेबारा अंशांवर असतो. म्हणजे तो अक्ष जवळजवळ आडवा पडतो. युरोपातल्या अक्षांशांसाठी आखलेली बैठक इथे तशीच उचलून ठेवता येत नाही, तोल आणि आधार यांचा विचार नव्याने करावा लागतो. परकीय चलनाची टंचाई असलेल्या त्या काळात आपल्याच कार्यशाळेत दुर्बीण तयार करण्यामागे पैशाचा विचार असणारच. तरीही जी संस्था आपले उपकरण स्वतः घडवते तिला त्याचा प्रत्येक दोष ओळखता येतो आणि दुरुस्तही करता येतो, हा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो.

३८ सेंटिमीटर हा आकार आज किरकोळ वाटेल. पण अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते असे धरले, तर हा आरसा डोळ्याच्या जवळजवळ तीन हजार पट प्रकाश गोळा करतो. ताऱ्याच्या तेजातले बारीक फरक मोजण्यासाठी, म्हणजे प्रकाशमितीसाठी, एवढा प्रकाश उत्तम कामाचा असतो.

पुढे १९७२ मध्ये कावलूरला त्साइस कंपनीची १०२ सेंटिमीटरची दुर्बीण आली. त्याच वर्षी गुरूचा उपग्रह गॅनिमीड याने एका ताऱ्याला झाकले तेव्हा तिच्यातून निरीक्षणे झाली, आणि १० मार्च १९७७ रोजी युरेनसच्या कड्यांमुळे ताऱ्याचा प्रकाश मंदावल्याची नोंदही तिच्यावर झाली. हे यश सर्वज्ञात असल्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

घरच्या घडणीचा धागा मात्र विकतच्या दुर्बिणीने तुटला नाही. संस्थेने पुढे ७५ सेंटिमीटरची दुर्बीण स्वतः तयार केली आणि त्यानंतर २.३४ मीटरचे काम हाती घेतले. तिचा मुख्य आरसा संस्थेच्या बंगळुरूच्या प्रकाशिकी प्रयोगशाळेत घासून झिलई केला गेला, तर अवजड यांत्रिक भाग आपल्या वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाले. हे वाचल्यावर मला फार आनंद झाला होता. जवळजवळ आडव्या अक्षाला पेलण्यासाठी तिला घोड्याच्या नालेसारखी बैठक दिली आहे. पहिल्या ३८ सेंटिमीटरच्या आरशापेक्षा हा आरसा सुमारे अडतीस पट प्रकाश गोळा करतो, आणि माझ्या सहा इंची आरशासाठी लागलेला वेळ आठवला की या काचेवर किती हातांनी किती काळ काम केले असेल, या विचाराने मन भरून येते.

बाप्पूंना ही २.३४ मीटरची दुर्बीण पूर्ण झालेली पाहता आली नाही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष असतानाच १९ ऑगस्ट १९८२ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी कावलूरला आले आणि त्या दिवशी या दुर्बिणीला आणि वेधशाळेला वेणू बाप्पूंचे नाव देण्यात आले.