नेब्रास्काची चेरी काउंटी

काल रात्री परत नकाशा उघडून अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) बघत बसलो, मला या जागेने खरंच वेड लावलंय. एकच काउंटी, पण कनेक्टिकट राज्यापेक्षा मोठी, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं जेमतेम साडेपाच हजार, त्यातली निम्मी व्हॅलेंटाइन या मुख्य गावात. काउंटीच्या मधूनच टाइम झोनची रेषा जाते, म्हणजे पूर्वेला आठ वाजलेले असताना पश्चिमेला सातच.

पण खरी गंमत जमिनीत आहे. इथल्या सँडहिल्स म्हणजे वाळूच्या टेकड्याच, फक्त वर गवत उगवलेलं, आणि त्या गवताच्या मुळांनीच सगळी वाळू धरून ठेवलीये. एखाद्या जागी गुरांच्या पायाने गवत तुटलं की वारा तिथून वाळू उकरायला लागतो आणि बघता बघता मोठा खड्डा होतो, त्याला तिथे ब्लोआउट म्हणतात. पाऊस पडला की पाणी वाहून न जाता सरळ आत मुरतं, खाली ओगालाला जलसाठा आहे, म्हणून तर दोन टेकड्यांच्या मधे तळी दिसतात.

१९०४ च्या किंकेड कायद्याने इथे वसायला येणाऱ्या एका कुटुंबाला सरकारकडून ६४० एकर मिळायचे, आधी १६० च होते. ऐकायला केवढी जमीन! पण या वाळूत नांगर घालून पीक काय येणार, बहुतेकांनी विकून टाकली आणि रँचेस, म्हणजे गुरं पाळायची कुरणं, मोठी होत गेली. डीविटी नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्तीही इथलीच, आता तिथे नुसतं गवत आहे, ते वाचून फार वाईट वाटलं.