आडवा वारा

पायलटच्या क्लासातल्या मित्राने ग्रुपवर फोटो टाकलाय. 'ई-सिक्स-बी देणे आहे. पाऊचसकट. फारसा वापरलेला नाही.' बस्. ई-सिक्स-बी म्हणजे वाऱ्याची आणि इंधनाची गणितं सोडवायची आमची हाताने फिरवायची तबकडी. खाली दोन-चार अंगठे आणि एक 'कितीला?' का, ते कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

फारसा वापरलेला नाही म्हणे! कडेचे आकडे बोटांनी पुसट झालेत, ते फोटोतही कळतंय. आणि वाऱ्याच्या बाजूला पेन्सिलीचा ठिपका तसाच आहे. विकायच्या आधी निदान पुसावा तरी.

मग काय, फोटो मोठा करून गणित उलटं सोडवत बसले. वर ०९०, म्हणजे जायचंय पूर्वेला. मधल्या भोकाखाली ९८, हा ग्राउंड स्पीड, जमिनीच्या हिशेबाने वेग. ठिपका भोकाच्या सरळ डावीकडे, १०० च्या कमानीवर, साडेअकरा अंशांच्या आसपास. म्हणजे हवेतला वेग १०० नॉट्स आणि वारा थेट उत्तरेचा, २० नॉट्स. चोख उत्तर. इतकं चोख सोडवणाऱ्याने विकायला का काढावं?

हेच गणित क्लासात कुणाला पटत नव्हतं. वारा समोरून नाही, मागूनही नाही, अगदी आडवा. तरी दोन नॉट्स जातात कुठे? त्यानेच वहीच्या मागच्या पानावर त्रिकोण काढून दाखवला होता. वाहून जाऊ नये म्हणून नाक वाऱ्याकडे वळवून उडायचं, म्हणजे थोडा वेग नुसता वाटेवर टिकून राहण्यातच खर्ची पडतो. विरोध कुणाचाच नाही, तरी खर्च होतोच. घरातलंच बघा ना. माझ्या पायलट होण्याला नाही म्हणणारं कुणी नाही. आईच्या बांगड्यांचा विषय आज नको.

घाटकोपरला राहण्याचा एक जाच आहे. २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं डोक्यावरूनच जातात. आतल्या कुणाला आज तबकडी फिरवावी लागली असेल? सगळं मशीन करतं. मी मात्र पंख्याखाली पेन्सिलीचं टोक सांभाळत बसलेय. तोही असाच बसायचा. आणि आता 'पाऊचसकट'.

ज्याने हे घडवलं तो फिलिप डाल्टन, अमेरिकन नौदलातला. १९४१ मध्ये विद्यार्थ्याला स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली येणं, शिकवताना विमान कोसळून गेला. त्याची तबकडी आम्ही अजून फिरवतोय. हे आठवून बरं वाटावं की वाईट, ते आज कळेना.

तेवढ्यात बाबा चष्मा लावून माझ्या सरावाच्या गणितांच्या उत्तरांचं पान घेऊन बसले. हल्ली त्यांना हा नादच लागलाय. इंधन ताशी २५ लिटर, तर १८ मिनिटांत किती? ६० चा बाण २५ समोर आणला, आतल्या १८ च्या समोर बाहेर ७५.

"पंच्याहत्तर," मी म्हटलं.

"इथे साडेसात लिहिलंय."

"तेच ते. ही दशांश दाखवत नाही. तो आपण ठेवायचा."

"म्हणजे साडेसात की साडेसातशे, तेही हिला ठाऊक नाही? एवढे पैसे घेतले आणि टिंब आपलं आपण?"

मला जे हसू फुटलं ते थांबेचना. बाबांनी मात्र तबकडी हातात घेऊन उलटीसुलटी केली, दुकानदाराने फसवल्यासारखी. मग म्हणाले, "अठरा मिनिटांत पंच्याहत्तर लिटर म्हणजे टाकी गळतेय. साडेसातच." नॅव्हिगेशनच्या पेपरला पास व्हायला ७० टक्के लागतात. बाबांना बसवलं तर निघतील.

झोपायच्या आधी ग्रुप सोडून थेट त्याला मेसेज केला. 'हेडिंग ०७८ ना?' म्हणजे नाक वाऱ्याकडे वळवल्यावरची दिशा.

बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत होतं. मग आलं, 'साडेअठ्ठ्याहत्तर. आणि ओळखीत स्वस्त मिळणार नाही.'