तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेंच क्रूझर म्हणजे नुसता पत्रा?

नौदलाचा विषय निघाला की हे हमखास विचारलं जातं. दोन महायुद्धांच्या मधल्या फ्रेंच लाइट क्रूझर (मध्यम आकाराच्या, वेगवान युद्धनौका) म्हणजे नुसता वेग, चिलखताच्या नावाने शंख, असंच ना? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो, पहिल्या तिघींबद्दल ते खरं आहे, पुढच्या सहा जणींबद्दल अजिबात नाही.

पहिल्या तिघी म्हणजे द्युगे-त्रुअँ, लामोत-पिके आणि प्रिमोगे. साधारण 7,250 टन, 155 मिलिमीटरच्या आठ तोफा, 33 नॉट (ताशी सागरी मैल) वेग आणि चिलखत जेमतेम 20-30 मिलिमीटर, म्हणजे फुटलेल्या गोळ्याचे तुकडे अडतील पण क्रूझरचा गोळा सरळ आत. तोफेचं माप लष्कराच्या 155 मिलिमीटर तोफेशी जुळवलेलं. गंमत बघा, नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या 1930 च्या लंडन करारात लाइट क्रूझरच्या तोफेची मर्यादा 155 च ठरली, आणि फ्रेंचांनी पुढच्या जहाजांवर मात्र 152 बसवल्या.

खरी हुशारी दिसते ला गालिसोनिएर क्लासमध्ये, म्हणजे त्या पुढच्या सहा जणींत, पहिलीचं काम 1931 मध्ये सुरू झालं. 7,600 टनांत तीन टरेटमध्ये (फिरत्या तोफ-बुरुजांत) नऊ तोफा, इंजिनं-बॉयलरच्या बाजूला 105 मिलिमीटरचा पट्टा, डिझाइनचा वेग 31 नॉट पण ट्रायलला 35 च्या आसपास. एवढ्या वजनात इतका समतोल त्या काळात फार कमी जणांना जमला असं माझं ठाम मत आहे. आणि मागची बाजू तर बघतच राहावी अशी, स्टर्न (जहाजाचं मागचं टोक) सपाट कापलेला, तिथून कॅनव्हासची लांब चटई पाण्यात सोडायची, जहाज चालतंच राहणार, सीप्लेन पाण्यावर उतरून त्या चटईवर चढणार आणि मग क्रेनने वर. कॅटापुल्ट (विमान हवेत फेकणारं यंत्र) मागच्या टरेटच्या छपरावर!

कमी पडल्या त्या विमानविरोधी तोफा. 90 मिलिमीटरच्या आठ आणि बाकी हलक्या मशीनगन, 1940 च्या विमानांपुढे ते पुरेसं नव्हतंच. सहापैकी तिघी 27 नोव्हेंबर 1942 ला फ्रान्सच्या तुलाँ बंदरात फ्रेंचांनी स्वतःच बुडवल्या, जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून. उरलेल्या तिघींची 1943 मध्ये अमेरिकेत डागडुजी झाली, हँगर-कॅटापुल्ट काढून टाकले, जागोजागी विमानविरोधी तोफा बसवल्या. 6 जून 1944 ला दोस्तांच्या नॉर्मंडीवरच्या चढाईत ओमाहा बीचसमोर मारा करणाऱ्या मोंकाल्म आणि जॉर्ज लेग त्यांच्यातल्याच.