खिसा आधी, पिस्तूल नंतर

परवा सेलमध्ये ट्राउझर ट्राय करत होते. ट्रायल रूममध्ये शिरल्यावर आरशात बघायच्या आधी मी खिशात हात घातला. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत गेली आणि खिसा संपला. ट्राउझर तिथेच हँगरला परत. नवरा बाहेरून विचारतोय फिटिंग कसं आहे, म्हटलं फिटिंग मस्त आहे रे पण खिसा नाहीये, तर तो गप्पच बसला, कारण गेल्या चार वर्षांत हे वाक्य त्याने पन्नास वेळा तरी ऐकलं असेल.

तर मी अमेरिकेत, टेक्ससमधल्या ह्यूस्टनला राहते, आमची छोटीशी स्वतःची फार्मसी आहे आणि रात्री कुलूप लावून मागच्या पार्किंगपर्यंत मी बहुतेक वेळा एकटी जाते. फार्मसी म्हणजे गल्ल्यात कॅश असते आणि आत कपाटात पेनकिलर्स असतात ज्यांच्यासाठी लोक काहीही करतात. एकदा काच फुटली, तेव्हा आत कोणी नव्हतं, पण त्यानंतर पिस्तूल घ्यायचं ठरलं. घ्यावं की न घ्यावं हा वाद इथे नकोच, तो घरात आई-बाबांबरोबर व्हिडिओ कॉलवर भरपूर करून झालाय. पण इथल्या दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की तू रोज नेतेस कसं, दिसत कसं नाही, टोचत नाही का, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

आधी एक महत्त्वाचं. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर सध्या हा विषय सोडा. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक बाळगता येत नाही, शिकारीच्या लायसनचे वगैरे अपवाद आहेत पण त्यात स्वतःच्या डोक्याने शिरू नका, वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असाल तर पुढे वाचा. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला हँडगन न्यायला लायसन लागत नाही, तरीही मी म्हणेन लायसन काढा. क्लास करावा लागतो, लेखी परीक्षा असते, पन्नास गोळ्या मारून दाखवाव्या लागतात तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. शाळेच्या हजार फुटांच्या आत बंदूक नेऊ नये असा जो फेडरल कायदा आहे त्यात लायसनवाल्यांना सूट आहे, आणि ह्यूस्टनमध्ये शाळेच्या हजार फुटांत न जाता तुम्ही दूध आणायला तरी जाऊन दाखवा.

आता पिस्तूल. मी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने न विचारताच एक छोटं रिव्हॉल्व्हर समोर ठेवलं, स्मिथ अँड वेसनचं सहाशे बेचाळीस, पाच गोळ्यांचं, 'लेडीज लव्ह इट' म्हणे. दिसायला गोंडस, हॅमर आत झाकलेला, खिशातून काढताना कुठे अडकत नाही, वजन चारशे ग्रॅमच्या थोडं वर. पण ट्रिगर इतका जड की ओढता ओढता नळीचं तोंडच हलतं. बायकांना रिव्हॉल्व्हर द्या, सोपं असतं, हा सल्ला बहुतेक वेळा पुरुषच देतात असं माझं निरीक्षण आहे. शिवाय त्याचं गोल सिलिंडर खिशात लिंबू ठेवल्यासारखं फुगतं.

माझ्या डोक्यात बंदूक म्हणजे सांगलीच्या काकांचं रिव्हॉल्व्हर होतं. ऊस, पेट्रोल पंप आणि भावकी या तीन कारणांसाठी त्यांनी लायसन काढलेलं, सरकारी फॅक्टरीचं पॉइंट बत्तीस, वजन पाऊण किलोच्या घरात. लेदरच्या कव्हरात कमरेला, वर सफारीचा शर्ट, आणि ते आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत. निवडणूक लागली की पोलीस स्टेशनला जमा करायचं, निकाल लागल्यावर परत आणायचं, आमच्याकडे आचारसंहिता लागल्याचं त्यावरूनच कळायचं. नंतर २०१४ मध्ये कानपूरच्या फॅक्टरीने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, पाचशे ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, तेव्हा काकूने पेपरातलं कात्रण दाखवून विचारलं होतं, हे ठेवायचं कुठे, ब्लाउजमध्ये? काकूचा प्रश्न अगदी बरोबर होता. बंदूक बनवणारा कुठलाही माणूस हा प्रश्न आधी विचारत नाही.

ह्यूस्टनचा उन्हाळा ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल की इथे जॅकेट वगैरे विसरा. पातळ कपडे, घाम. बेल्टवर लावायचं म्हणजे वर ढगळ शर्ट, आणि काउंटरमागे मी दिवसभर वाकते, वरच्या शेल्फला हात घालते, शर्ट वर जातोच. म्हणून खिसा. आणि खिशात जायचं तर रुगर कंपनीचं एलसीपी हे छोटं पिस्तूल किंवा त्याच्या जातीचं काहीतरी. २००८ मध्ये ते आलं आणि या छोट्या पिस्तुलांची लाटच आली. रिकामं पावणेतीनशे ग्रॅम, म्हणजे जुना बटणांचा फोन आणि त्याचा चार्जर. सहा गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये, एक नळीमागच्या चेंबरमध्ये. २०२१ ला त्याचंच एलसीपी मॅक्स आलं, त्यात दहा बसतात आणि साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, खरंच दिसतात, जुन्याच्या साइट्स म्हणजे नावापुरती टेंगळं. मी मॅक्स घेतलं. जुनं सेकंडहँड घेणार असाल तर सीरियल नंबर तपासून घ्या, पहिल्या वर्षातली काही पिस्तुलं हातातून पडली तर सुटू शकतात म्हणून कंपनीने परत बोलावली होती.

याची गोळी थ्री-एटी मापाची. इंटरनेटवर तासन् तास लोक भांडतात की ही गोळी कमजोर आहे, नाइन एमएमच हवी. काउंटरवरचा तो माणूसही हसत म्हणाला, अगं याने फक्त राग येईल समोरच्याला. मी काही बोलले नाही. गांधीजींना लागलेल्या गोळ्या याच मापाच्या होत्या, इटालियन बेरेटा होतं ते, इटलीत याच गोळीला नाइन एमएम कोर्टो म्हणतात. पुण्यात शाळा झालेल्या मुलीच्या डोक्यात ३० जानेवारी वेगळ्या तऱ्हेने असते. हे त्या टेक्सनला काय सांगणार. बॉक्स उचलला, पैसे दिले, बाहेर आले, आणि गाडीत बसून पाच मिनिटं तशीच राहिले.

नाइन एमएममध्ये सिग कंपनीचं पी-३६५ पिस्तूल आहे, लोकांना फार आवडतं आणि मला चालवायलाही आवडलं, हात सुखावतो. पण रिकामंच पाचशे ग्रॅम. माझ्या खिशात ते घातलं की पॅन्ट एका बाजूने खाली, जणू शाळेतल्या पोराने खिशात गोट्या भरल्यात. ज्यांचे खिसे खरे खिसे आहेत, म्हणजे पुरुष, त्यांनी खुशाल घ्यावं.

लहान पिस्तूल चालवायला सोपं असेल हा गैरसमज मात्र आधीच काढून टाका. पहिल्याच दिवशी रेंजवर दोन मॅगझिन संपली आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात लाल झालं. मूठ दोन बोटांत संपते, करंगळी हवेत लटकते, आणि झटका असा की अडकित्त्यातून ओली सुपारी निसटावी. सात यार्डांवर, म्हणजे आपल्या हॉलच्या लांबीएवढ्या अंतरावर, मोठ्या पिस्तुलाने माझ्या गोळ्या बशीत मावतात, याने परातभर पसरतात. स्लाइड, म्हणजे गोळी भरायला मागे ओढायचा वरचा भाग, तोही छोटा, घामट बोटांनी ओढताना निसटतो. माझी इन्स्ट्रक्टर सत्तरीची आजी आहे, ती म्हणाली हाताने ओढू नकोस, स्लाइड घट्ट धर आणि पिस्तूल पुढे ढकल. जमलं. तिचं म्हणणं, छोटं पिस्तूल हे नवशिक्याचं नाहीच, सराईताचं आहे, आणि दुकानात मात्र नेमकं नवशिक्याला विकतात. म्हणून महिन्यातून एकदा पन्नास गोळ्या, हात दुखला तरी.

होल्स्टरशिवाय, म्हणजे पिस्तुलाच्या कव्हराशिवाय, ते खिशात टाकू नका. म्हणजे नकाच. या पिस्तुलांना बहुतेक वेळा सेफ्टीचं बटण नसतं, ट्रिगर झाकलेला असणं हीच सेफ्टी. आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ली नको, लिपबाम नको, सुटे पैसे नको, बडीशेपेची पुडीसुद्धा नको. मी पंचवीस-तीस डॉलरचं एक कापडी होल्स्टर घेतलं, बाहेरून चिकटसर, म्हणजे पिस्तूल काढलं तर ते खिशातच राहावं. आधी घेतलेलं स्वस्तातलं गुळगुळीत होतं. घरी पिस्तूल रिकामं करून, तीन वेळा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून आरशासमोर काढून बघितलं तर होल्स्टरसकट बाहेर आलं, हातात पिस्तूल आणि त्याच्या डोक्यावर होल्स्टर, जसं काही कुंची घातलेलं बाळ. नवरा हसून लोळला. पण म्हटलं पार्किंगमध्ये हे झालं असतं तर.

चांगल्या होल्स्टरचं दुसरं काम म्हणजे आकार मोडणं. खिशावर पिस्तुलाचा इंग्रजी एलसारखा आकार दिसला की संपलं, चौकोन दिसला तर लोकांना फोन वाटतो. माझी टेस्ट अशी: सगळ्या पॅन्ट्स एका रविवारी पलंगावर काढल्या, रिकामं पिस्तूल प्रत्येकीत घालून जिना चढले, खाली बसले, वाकून मशीनमधून कपडे काढले, गाडीत बसून बेल्ट लावला. चौदांपैकी तीन पास झाल्या. स्किनी जीन्स सगळ्या बाद. स्क्रबच्या, म्हणजे दवाखान्यात घालतात त्या ढगळ पॅन्टचा खिसा खोल असतो पण कापड इतकं मऊ की चालताना पिस्तूल मांडीवर आपटत राहतं. पांढऱ्या कोटाच्या खिशात तर ते लंबकासारखं झुलतं, आणि कोट आपण खुर्चीवर टाकून बाथरूमला जातो, त्यामुळे तो विचारच नको.

पर्सचंही तेच. पर्स शॉपिंग कार्टमध्ये राहते, टेबलाखाली राहते, मुलं गोळी-चॉकलेट शोधायला त्यात हात घालतात. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोमध्ये एका मोठ्या दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि आई गेली. पर्स पिस्तुलासाठीच बनवलेली होती, खास वेगळा कप्पा होता. हे वाचल्यानंतर मी पर्सचा विषय बंद केला. घरी आल्यावर अंगावरून काढलं की थेट बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या तिजोरीत, चहा नंतर. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवणं हा गुन्हाच आहे, पण कायदा नसता तरी हेच केलं असतं.

खिशाचे तोटेही सांगते. बसलेलं असताना ते जवळजवळ निघतच नाही, गाडीत सीटबेल्ट लावून तर विसराच. डाव्या हाताने निघत नाही, म्हणून फार्मसी बंद केल्यावर पिशव्या डाव्या हातात घ्यायची सवय लावली. फायदा एकच पण मोठा: हात खिशात घालून गाडीपर्यंत चालत गेलं तर कोणाला काहीच वेगळं वाटत नाही. बहुतेक रात्री एवढंच होतं, हात खिशात घालून मी गाडीपर्यंत जाते आणि घरी काय भाजी करायची याचा विचार करते.

कचरा हा एक वेगळाच प्रकार. दोन आठवड्यांनी उघडलं तर नळीच्या तोंडाशी, मॅगझिनच्या फटीत, सगळीकडे निळसर लिंट, आईच्या शिवणयंत्राखाली साठायचा तसा. जुना टूथब्रश घेऊन बसायचं. घामाने बाहेरून बारीक गंजाचे ठिपके येतात, तेलाचा फडका फिरवायचा. आणि रोज रिकामं करून रोज तीच गोळी परत चेंबरमध्ये घालू नका, आपटून आपटून तिचं टोक पुंगळीत आत सरकतं आणि मग उडताना दाब धोकादायक वाढू शकतो. दोन गोळ्या शेजारी उभ्या करून बघा, उंचीतला फरक डोळ्यांना दिसतो.

न्यायचं कुठे नाही हेही पाठ हवं. पोस्ट ऑफिस नाही, अगदी त्याच्या पार्किंगमध्येही नाही. बारच्या दारावर लाल ५१ टक्क्यांची पाटी, म्हणजे इथली निम्म्याहून जास्त कमाई दारूची आहे असं सांगणारी, असेल तर नाही. दुकानाबाहेर ३०.०६ ची, म्हणजे लायसन असलं तरी लपवलेली हँडगन आत आणू नका म्हणणारी पाटी असेल तर मागे फिरायचं. शाळेत नाही, आणि आपला गणपती बरेचदा शाळेचा हॉल भाड्याने घेऊन असतो, त्यामुळे आरतीच्या दिवशी ते घरीच तिजोरीत. एवीतेवी नऊवारीला खिसा कुठे असतो.

खिशांचं शेवटी मी काय केलं, तर हिलक्रॉफ्टला जिथे आपली किराणा दुकानं, चाटवाले, साड्यांची दुकानं आहेत तिथे एक हैदराबादी मावशी कपडे अल्टर करतात. रस्त्यावरच्या पाट्यांवरही आता महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असं लिहिलंय. पाच पॅन्ट्स घेऊन गेले, म्हटलं पुढचे खिसे चार इंच खोल करा आणि आतून जाड कापड लावा, डेनिम असेल तर उत्तम. मावशींनी टेप गळ्यात टाकली, खिशात हात घालून बघितला आणि विचारलं, एवढा मोठा खिसा कशाला गं, काय ठेवणार यात?

म्हटलं, फोन.

त्यांनी माझा फोन काउंटरवर पडलेला बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता खडूने खूण केली. पंधरा डॉलर एका पॅन्टचे, शनिवारी या म्हणाल्या.